लग्नांतील पहिला नाच व झाडीपट्टींतील रिंगण



विवाहाच्या संध्याकाळीं, स्वागतसमारंभ ऐन भरांत आला असतां, वधूवरांनीं सर्वांसमक्ष एकत्र नृत्य करावें, अशी एक चाल अलीकडे आपल्या शहरांतून रूढ झाली आहे. मोठ्या शहरांतून ती आतां गोंदियासारख्या जिल्ह्याच्या गांवींही आली आहे. कार्याच्या महिना-पंधरा दिवस आधीं नृत्यशिक्षक ठरतो, गाणें निवडलें जातें, आणि ज्या मुलामुलींनीं शाळा सोडल्यापासून कधीं ताल धरलेला नसतो त्यांची रोज तासभर तालीम सुरू होते. ह्या चालीची कोणी थट्टा करतात. कोणी ती परकी म्हणून नाकें मुरडतात. मला त्या वादांत पडावयाचें नाहीं. मला विचार करावयाचा आहे तो त्या दोन जीवांचा. पाय चुकला तर काय, लोक हंसले तर काय, ह्या विचारानें त्यांच्या पोटांत गोळा उठलेला असतो. ही भीति आली कोठून? आणि ज्या समाजांत लग्न व नाच हीं कधीं एकमेकांपासून वेगळीं झालींच नाहींत, तेथें ही भीति आढळत नाहीं ती कां? ह्या दोन प्रश्नांचा आज आपण इतिहासाच्या आधारें विचार करूं.

ह्या भीतीचें माहेर युरोपांतील राजदरबारांत सांपडतें. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सचा राजा चौदावा लुई ह्याच्या दरबारीं मिन्युएट नांवाचें नृत्य फार प्रतिष्ठित मानलें जात असे. समारंभप्रसंगीं तें एका वेळीं एकाच जोडप्यानें करावयाचें. मानाच्या क्रमानें एकेकाची पाळी यावयाची, आणि उरलेल्या दरबारानें त्या जोडप्याच्या प्रत्येक पावलाकडे डोळे लावून बसावयाचें, असा परिपाठ होता. १६९२ सालीं राजाचा पुतण्या, शार्त्रचा ड्यूक, ह्याच्या विवाहानिमित्त असे नाच झाले. त्या प्रसंगाची एक हकीकत सें-सिमों ह्या सरदारानें आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. माँब्राँ घराण्यांतील एका तरुणास, तुला नाचतां येतें काय, असें कोणीं विचारलें. त्यानें इतक्या तोऱ्यानें होकार दिला कीं, हा चुकावा असेंच सर्वांना वाटूं लागलें. पहिल्या नमस्कारालाच तो गांगरला, पाऊल चुकलें, आणि तें लपविण्यासाठीं तो हातवारे करूं लागला. तेव्हां राजासमोरच हंशा उसळला. दुसऱ्या नाचाच्या वेळीं त्यानें पुन्हां प्रयत्न केला. त्या वेळीं मागचे लोक उठून पाहूं लागले आणि टाळ्या व हुर्यो ह्यांनीं दिवाणखाना भरून गेला. तो तरुण त्यानंतर पुष्कळ दिवस कोणाच्या दृष्टीस पडला नाहीं.

ह्या बिचाऱ्याचें पाऊल चुकलें, एवढाच ह्या गोष्टीचा अर्थ नाहीं. पावलें सर्वांचींच चुकतात. परंतु नाचणारें एकच जोडपें आणि पाहणारे शेंकडों, अशी मांडणी असली म्हणजे चुकलेलें पाऊल उघडें पडतें, आणि नाच ही एक परीक्षा होऊन बसते. पुढें मिन्युएट मागें पडला व वॉल्ट्झ आला. स्त्रीपुरुष त्यांत फार जवळ येतात म्हणून १८१६ सालीं लंडनच्या 'टाइम्स' पत्रानें त्यावर कडक टीका केली. तरी तो टिकला. मानाच्या जोडप्यानें नाचाचा आरंभ करावा हा दरबारी संकेत मात्र कायम राहिला. लग्नाच्या मेजवानींत तो मान साहजिकच वधूवरांकडे गेला, आणि चित्रपटांच्या द्वारें ती चाल सर्व जगभर पसरली. चालीबरोबर ती परीक्षाही आली.

आतां त्या दरबारांतून आपण आपल्या झाडीपट्टींत येऊं. वैनगंगेच्या पूर्वेकडचा हा धानाचा, तळ्यांचा आणि रानांचा मुलूख. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याचे तालुके आठ; त्यांपैकीं सालेकसा व देवरी हे पूर्वेकडील तालुके डोंगराळ व दाट रानाचे. गोंड, हलबा, गोवारी, पोवार, कुणबी, कोहळी अशा अनेक जातिजमाती येथें शेजारीं शेजारीं नांदत आल्या आहेत. प्रत्येकीची लग्नाची रीति निराळी. परंतु मांडवांत वाद्य वाजूं लागलें म्हणजे पाय थिरकले पाहिजेत, ह्याविषयीं बहुतेकांचें एकमत.

सालेकसा तालुक्यांत कचारगड म्हणून डोंगरांतील गुहा आहेत. माघी पौर्णिमेला तेथें दूरदूरचे गोंड बांधव जमतात. आपले पूर्वज येथल्या गुहेंत कोंडले गेले होते व त्यांची सुटका पारी कुपार लिंगो ह्यानें केली, अशी त्यांची श्रद्धा आहे. ह्या लिंगोचें दीर्घ गीत नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांनीं मिळविलें होतें. १८६३ सालीं ते नाल्याच्या पुरांत बुडून वारले. पुढें त्यांचे कागद सर रिचर्ड टेम्पल ह्यांनीं १८६६ सालीं छापून प्रसिद्ध केले. त्या गीतांतील एक प्रसंग आपल्या विषयाशीं इतका जुळणारा आहे कीं तो थोड्या विस्तारानें सांगतों.

लिंगोच्या भावांना विस्तव पाहिजे होता. रिकाड गवडी नांवाच्या एका म्हाताऱ्या राक्षसाच्या शेतांत आगटी पेटलेली होती. धाकटा भाऊ चोरून विस्तव आणावयास गेला. ठिणगी अंगावर पडून म्हातारा जागा झाला व खाऊं कीं गिळूं म्हणून त्याच्या मागें लागला. मग लिंगो स्वतः गेला. त्यानें भोपळ्याचें एक तंतुवाद्य तयार केलें, झाडावर चढून बसला आणि वाजवूं लागला. तो सूर कानीं पडतांच म्हातारा राग विसरला व नाचूं लागला. त्याची म्हातारी आली, तीही नाचूं लागली. नाचून मन निवळल्यावर ओळख झाली, नातें जुळलें, आणि म्हाताऱ्यानें आपल्या सात मुली लिंगोच्या भावांना देऊं केल्या. तिघां वडील भावांना दोन दोन व धाकट्याला एक अशीं लग्नें लागलीं. लिंगो स्वतः अविवाहितच राहिला.

ह्या कथेंत लग्नापूर्वींचा पहिला नाच कोणीं केला तें पाहा. तो वधूवरांनीं केला नाहीं. वधूच्या म्हाताऱ्या आईबापांनीं केला! ज्यांचा राग, ज्यांचा संकोच आधीं सुटावयास हवा, त्यांचेच पाय आधीं हलले. मग मुलांना भिण्याचें कारणच उरलें नाहीं. कथा कवीची असेल, पण तिच्यांतील व्यवहार खरा आहे. ह्या भागांतील मांडवांत अजूनही पुष्कळदां प्रथम एखादी वयस्क आत्या किंवा मावशी पदर खोंचून पुढें होते, दोन गिरक्या घेते, लोक हंसतात, आणि त्या हंसण्यानें मांडव मोकळा होतो. त्या हंसण्यांत वर्सायच्या दरबारांतील हंशाचा विखार नसतो, कारण हंसणाराही क्षणभरानें तिच्याबरोबर नाचावयास येणार असतो.

परंतु हा मोकळेपणा लग्नाच्या दिवशीं आकाशांतून पडत नाहीं. त्याची तयारी वर्षानुवर्षें, कोणाच्या लक्षांतही न येतां चाललेली असते. दिवाळींत गाईगुरें सजवून गायगोधन होतें, तेव्हां गोवारी मंडळी ढोल-डफड्यांच्या तालावर गांवभर नाचतात आणि गांवचीं सारीं पोरें त्यांच्या मागें असतात. त्यानंतर गांवोगांवीं मंडई भरते. रात्रीं दंडार उभी राहते. तिच्यांतील नाचाचीं पावलें पाहून दुसऱ्या दिवशीं खळ्यावर मुलें त्यांची नक्कल करतात. पूर्वेकडील गोंड वस्त्यांतून रेलाचीं रिंगणें धरलीं जातात. धान कापून, मळून घरांत आलें कीं लग्नसराई उजाडते. म्हणजे ज्या मुलीचें वयाच्या विसाव्या वर्षीं लग्न व्हावयाचें, ती मांडवांत उभी राहण्यापूर्वीं निदान पंधरा वर्षें नाचलेली असते. तिला कोणीं शिकविलें, असें विचाराल तर तिला सांगतां येणार नाहीं.

ह्या शिकण्याची पद्धत लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. रिंगणांत बाया एकमेकींच्या कमरेभोवतीं किंवा हातांत हात गुंफून उभ्या राहतात. जाणती बाई आघाडीला असते; लहान मुली शेपटाला लटकलेल्या असतात. पावलें थोडीं व साधीं. कांहीं पुढें, एखादें मागें, किंचित् वांकणें, पुन्हां तेंच. पोरीला डोळ्यांनीं पाहून मोजावें लागत नाहीं. शेजारणीच्या हाताचा ओढा तिच्या अंगाला सांगतो कीं आतां भार डाव्या पायावर, आतां उजव्या. चुकली तर रिंगणच तिला उचलून पुढें नेतें. एक बाजू ओळ म्हणते, दुसरी ती झेलते; तेवढ्यांत दम घ्यावयास वेळ मिळतो. वाद्य आरंभीं संथ असतें, अंग तापलें म्हणजे चढतें. भीति घालविण्याचे ह्याहून अधिक चांगले उपाय एखाद्या मानसशास्त्रज्ञानें तरी काय सांगितले असते?

ह्या तयारीची एक संस्थाच गोंडांच्या कांहीं शाखांत होती. आपल्या दक्षिणेकडील गडचिरोलींत व पलीकडे बस्तरांत तिला गोटुल किंवा घोटुल म्हणतात. व्हेरिअर एल्विन ह्यांनीं बस्तरच्या मुरिया गोंडांच्या घोटुलावर १९४७ सालीं एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. चेलिक म्हणजे अविवाहित मुलगे व मोटियारी म्हणजे अविवाहित मुली तेथें संध्याकाळीं जमत. वडील मुलांकडून धाकट्यांनीं नाच, गाणीं, वागण्याचे नियम व गांवच्या कामाची वांटणी शिकावी, अशी ती व्यवस्था होती. ह्या संस्थेविषयीं बाहेरच्यांनीं नाहीं नाहीं त्या कल्पना करून घेतल्या. आपल्या विषयापुरतें पाहिलें तर ती एक शाळा होती, आणि गांवांत कोणाचें लग्न निघालें कीं त्या शाळेंतील मुलेंमुलीं नाचगाण्यांची बाजू संभाळीत.

आतां प्रत्यक्ष मांडवांत पाहूं. गोंडी लग्नांत मांडवाच्या मध्यभागीं खांब रोवतात, पुष्कळ ठिकाणीं तो मोहाच्या लांकडाचा असतो, आणि त्याच्याभोवतीं वधूवर फेरे घेतात. हे फेरे गोंडी रीतीप्रमाणें घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें घ्यावयाचे असतात. वाद्याच्या तालावर, मागेंपुढें आप्तस्वकीय असतां, दोघांनीं मिळून टाकलेलीं हीं पावलें म्हणजे त्यांचें पहिलें नृत्यच नव्हे काय? कुणब्यांच्या व इतर कित्येक जातींच्या लग्नांत महाराष्ट्रभर आणखी एक चाल होती. तिला झेंडा किंवा धेंडा नाचविणें म्हणत, आणि मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांतही तिचा उल्लेख आढळतो. वराला एकानें व वधूला दुसऱ्यानें कमरेवर किंवा खांद्यावर घ्यावयाचें आणि ताशावाजंत्र्यांच्या तालावर नाचावयाचें. वधूवरांचीं वयें त्या काळीं लहान असत, हें खरें. ती बालविवाहाची रूढि गेली तें उत्तम झालें. परंतु ह्या चालींतील एक मर्म ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. नवरानवरींनीं नाचून दाखवावें अशी कोणाची अपेक्षा नसे. नाचावयाचें नातलगांनीं, आणि त्या दोघांना आनंदानें मिरवावयाचें.

आपण शिकलेल्या, शहरवासी घरांतील माणसें. आपल्याकडे हें सारें कधींच नव्हतें काय? होतें. आश्विनांत भोंडला, विदर्भांत भुलाबाई. भोंडल्यांत पाटावर हत्तीचें चित्र काढून त्याभोवतीं मुलींनीं फेर धरावयाचा. लग्न झाल्यावर पहिल्या श्रावणांत मंगळागौर यावयाची. रात्र जागवून फुगडी, झिम्मा, पिंगा ह्यांनीं ओसरी दणाणून जावयाची. नव्या नवरीचा सासरचा पहिला नाच तो हा! तेथें प्रेक्षक म्हणून कोणी नसे. सासूही फुगडी घाली. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सुशिक्षितांची दृष्टि बदलली. १८९० नंतरच्या दशकांत मद्रासकडे नाचाच्या बैठकींविरुद्ध चळवळ उभी राहिली. त्या चळवळीमागें सुधारणेची तळमळ होती. पण तिच्या जोडीला, नाच म्हणजे कुलीनांना न शोभणारी गोष्ट, असा एक सरसकट समजही घरोघर दृढ होत गेला. मुलांना घरांत गाणें चाले, नाच चालत नसे. मंगळागौरीची ओसरी गेली, वाडे गेले, सदनिका आल्या. दोन-तीन पिढ्या आपण पाय बांधून बसलों. आणि आतां एकाएकीं, तेंही दिव्यांच्या झोतांत व छायाचित्रकारांच्या घोळक्यांत, त्या पायांनीं पंधरा दिवसांत नाचावें असें आपण म्हणतों. पोटांत गोळा उठला तर नवल कसलें?

ह्या नव्या चालीचा एक परिणाम मला विशेष खुपतो. वधूवर व्यासपीठावर नाचतात, तेव्हां आजी, आत्या, मामी पुढच्या खुर्च्यांवर पाहुण्यांसारख्या बसून राहतात. ज्यांना ताल ठाऊक त्या बसलेल्या. ज्यांना ठाऊक नाहीं तीं दोघें उभीं! आमच्या झाडीपट्टींतल्या मोठ्या गांवांतूनही हें दिसूं लागलें आहे. ह्यांत वधूवरांचा धीर जातो आणि वडीलधाऱ्यांचा वांटाही जातो. उद्यां त्या आत्याच गेल्या म्हणजे तीं पावलें कोणाला विचारावयाचीं?

म्हणून ज्यांच्या घरीं येत्या लग्नसराईंत असा नाच व्हावयाचा असेल, त्यांना मी रिंगणाचा धडा गिरवावयास सांगेन. मीं ह्या जिल्ह्यांतील शाळांतून पुष्कळ वर्षें मुलांना शिकविलें आहे. एकट्यानें फळ्यापाशीं उभें राहावयास कांपणारा मुलगा लेझमीच्या रांगेंत निर्धास्त खेळतो, हें कोणत्याही शिक्षकाला ठाऊक असतें. तेंच येथें लागू आहे.

तयारी लौकर सुरू करा व रोज थोडी करा. शेवटच्या आठवड्यांत दोन दोन तास घाम गाळण्यापेक्षां दीड महिना रोज पंधरा-वीस मिनिटें अधिक उपयोगी पडतात. पहिले कांहीं दिवस पाय हलवूंच नका. गाणें ऐका, टाळीनें ताल धरा. मग त्या तालावर दोघांनीं नुसतें चाला. चालणें जमलें कीं अर्धा नाच झाला. नंतर दोन-तीन साधीं पावलें घ्या व तींच पुन्हां पुन्हां करा. रिंगणांतही ह्याहून अधिक नसतात. जो शालू नेसावयाचा असेल तशाच वजनाचें लुगडें नेसून, जीं पादत्राणें घालावयाचीं तींच घालून तालीम करा. गाणें सुरू झाल्याबरोबर धांवत सुटूं नका. चार मात्रा स्तब्ध उभें राहून श्वास घ्या, एकमेकांकडे पाहा, मग पाऊल टाका. पाऊल चुकलें तर थांबूं नका, चेहरा पाडूं नका. सम येईपर्यंत नुसतें चालत राहा. वाद्य पुढें जात आहे तोंवर तुम्ही चुकलांत हें फारसें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. आणि त्या माँब्राँच्या तरुणाप्रमाणें आधींच प्रौढी मिरवूं नका. साधेपणानें आलेल्यांना लोक संभाळून घेतात.

सर्वांत महत्त्वाचें तें शेवटीं सांगतों. दोघांनींच नाचण्याचा वेळ मिनिटाभराहून अधिक ठेवूं नका. आधीं एखाद्या हौशी आत्याला किंवा काकाला मोकळें होऊं द्या. मग तुमचें तें मिनिट, आणि लगेच दोन्ही घरच्या माणसांनीं येऊन तुमच्या भोवतीं फेर धरावा. ही योजना आधींच ठरवा. आजीला, मामाला सांगून ठेवा, त्यांचीं पावलें त्यांच्याकडून शिकून घ्या. तालमीच्या निमित्तानें दोन घरचीं माणसें महिनाभर एकत्र आलीं, तर लग्नाच्या दिवशींचा परकेपणाही आपोआप कमी होईल. मग कोण चुकलें आणि कोण नाहीं हें पाहावयास खुर्चींत कोणी उरणार नाहीं.

लग्न हें दोघांचें असलें तरी मांडव सर्वांचा असतो. झाडीपट्टींतील माणसांनीं नाचही मांडवासारखाच सर्वांचा ठेवला, म्हणून तेथल्या नवरीच्या पायांत धीर राहिला. तो धीर आपल्या घरच्या मुलींनाही मिळावा अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.